एकाच इलेक्ट्रिक गिटारवर सगळं वाजवायचं असेल तर

पहिली इलेक्ट्रिक गिटार मी डोळ्यांनी घेतली. काळी, टोकदार, २४ फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या), दोन दणदणीत हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) आणि तरंगता ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने सूर हलवता येणारा ब्रिज. पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर पहिली, म्हणजे सर्वांत बारीक, तार तुटली आणि उरलेल्या पाचही तारांचे सूर एका झटक्यात वर चढले. तरंगत्या ट्रेमोलोत एका बाजूला तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगांचा ताण असा तराजू असतो. एक तार गेली की पारडं स्प्रिंगांकडे झुकतं, ब्रिज मागे ओढला जातो आणि बाकीच्या तारा ताणल्या जातात. हे ज्ञान मला स्टेजवर, लोकांसमोर झालं. उरलेलं गाणं मी टाळ्या वाजवत काढलं.

त्यानंतर चौदा वर्षं मी चौघांच्या बँडमध्ये एकटी गिटार वाजवते आहे. दुसरा गिटारवाला नाही, कीबोर्ड अधूनमधून. तीन तासांत हळुवार गाण्याखालची सुटी सुटी कॉर्ड, फंकचं कुर्रकुर्र ऱ्हिदम, ब्लूजचा सोलो आणि शेवटी जाडजूड डिस्टॉर्शन, सगळं त्याच एका गिटारमधून काढायचं. या काळात पाच गिटारी घेतल्या, तीन विकल्या, आणि ओळखीतल्या कितीतरी जणांबरोबर "गिटार निवडायला चल ना" म्हणून गेले. माझा हात लहान आहे, पंजा पूर्ण ताणला तरी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेमतेम १९ सेंटीमीटर. माझी मतं तुम्हाला जशीच्या तशी लागू होतीलच असं नाही, पण तपासायची रीत लागू पडेल.

ती रीत एका साध्या गोष्टीवर उभी आहे. पिकअप, म्हणजे तारांखालचे आवाज पकडणारे भाग, बदलता येतात. खुंट्या, पॉट (नॉबखालचा विजेचा भाग), नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी), सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू), सगळं बदलता येतं, थोडं शिकलात तर घरीसुद्धा. नेक बदलायचा म्हणजे जवळजवळ दुसरी गिटारच घ्यायची, आणि नेक चिकटवलेला असेल तर तेही नाही. म्हणून जे बदलता येत नाही ते आधी बघायचं. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. आल्या आल्या केबल खुपसतात, गेन वाढवतात, आवाज ऐकून हरखतात, आणि हाताचं दुखणं पुढच्या महिन्यात कळतं.

केबल न लावता पंधरा मिनिटं

गिटार मांडीवर घ्या आणि पहिल्या फ्रेटवर एफ मेजरचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून) धरा. धरून ठेवा, दोन मिनिटं, मधूनमधून छेडत. अंगठ्याच्या मुळाशी कळ येते का ते बघा. मग बाराव्या फ्रेटवर जा आणि तिसऱ्या तारेवर एक पूर्ण सूर चढेल असा बेंड घ्या, म्हणजे दाबलेली तार आडवी ओढा. हे दोन्ही करताना नेकची पाठ तळहाताला दोन वेगळ्या जागी लागते. बारला अंगठा मागे मध्यावर असतो, बेंडला तो वरून कडेवर येतो आणि मनगट फिरतं. एका ठिकाणी छान आणि दुसऱ्या ठिकाणी अवघड अशा गिटारी पुष्कळ भेटतील.

नेकच्या पाठीच्या आकाराला सी, डी, यू, व्ही अशी अक्षरं लावतात. सी म्हणजे साधा गोलसर, डी थोडा चपटा, यू भरीव, व्ही मध्यभागी कण्यासारखा. नावांवर फार भिस्त ठेवू नका. एका कंपनीचा सी दुसरीच्या डीसारखा लागतो. आणि "लहान हाताला पातळ नेक" हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे. मी स्वतः त्याला बळी पडले. दुसरी गिटार अगदी पातळ नेकची घेतली आणि तासाभराच्या ऱ्हिदमनंतर अंगठा आखडायला लागला, कारण पातळ नेक धरायला हात चिमट्यासारखा आवळावा लागत होता. आता जी वाजवते तिचा नेक पहिल्या फ्रेटपाशी सुमारे २१ मिलिमीटर जाड आहे. तळहात भरतो, म्हणून चिमटा ढिला राहतो.

नटची रुंदी बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींत ४२ ते ४३ मिलिमीटरच्या आसपास असते, काही जुन्या धाटणीच्या गिटारींत ४१ च्या जरा वर. एक मिलिमीटर कागदावर काहीच नाही. जाड बोटांनी मोकळा ए मेजर धरून पाहा, म्हणजे त्या एका मिलिमीटरची किंमत कळेल.

आता फ्रेटबोर्डाची गोलाई, म्हणजे रेडियस. फ्रेटबोर्डाचा पृष्ठभाग हा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा आहे असं समजा. त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे हा आकडा. आकडा लहान तितका फ्रेटबोर्ड जास्त गोल. जुन्या फेंडर गिटारींवर ७.२५ इंच, नव्यांवर बहुधा ९.५, पीआरएस कंपनीच्या गिटारींवर १०, गिब्सनवर १२, वेगाने वाजवणाऱ्यांसाठीच्या गिटारींवर १६ किंवा त्याहून सपाट. गोल फ्रेटबोर्डावर बार कॉर्ड आपोआप बसतो, पण तारा खाली उतरवल्या असतील तर मोठ्या बेंडला तार वरच्या फ्रेटच्या उंचवट्यावर टेकते आणि सूर गळा दाबल्यासारखा बंद होतो. सपाट फ्रेटबोर्डावर बेंड मोकळे, पण पहिल्या तीन फ्रेटवर कॉर्ड धरताना बोट पाटीवर ठेवल्यासारखं वाटतं. एकाच गिटारवर दोन्ही करायचं असेल तर ९.५ ते १२ इंचांच्या मध्ये राहा. खात्री करायची तर पहिल्या तारेवर बाराव्यापासून सतराव्या फ्रेटपर्यंत एकेका जागी दीड सुरांचा बेंड घ्या आणि तो वर धरून ठेवा. सूर टिकला पाहिजे. एखाद्याच जागी मेला तर तिथला फ्रेट वर आलेला असू शकतो, सगळीकडेच मेला तर दोष गोलाईचा किंवा तारांच्या उंचीचा.

स्केलची लांबी

याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आवाज आणि हात या दोन्हींची गाठ इथे पडते. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची जी लांबी हलते ती स्केल. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर-टेलिकास्टरची २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. गिब्सनची लेस पॉलवर सांगितली जाणारी २४.७५ इंच. पीआरएस दोघींच्या मध्ये, २५ इंच. फरक पाऊण इंचाचा. पण तीच तार त्याच सुरात लावायची तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हिशेब केला तर लांब स्केलवर ताण सुमारे ६ टक्के जास्त येतो. बेंड घेताना बोटाला हे सहा टक्के नीट जाणवतात.

आवाजातही फरक पडतो. लांब स्केलवर खर्जाची तार ठणठणीत राहते. सहावी तार डी वर उतरवली तरी ती लोंबत नाही, कॉर्डमधले सूर वेगवेगळे ऐकू येतात. आखूड स्केलवर आवाज जरा मऊ, गोळीबंद, आणि सोलोत तार बोटाखाली लोण्यासारखी वळते. माझा कल लांबकडे आहे. लहान हाताच्या बाईनं लांब स्केल का घ्यावी असं मला अनेकांनी विचारलं. त्यांना वाटतं फ्रेटमधलं अंतर अडचण करेल. पहिल्या चार फ्रेटवर थोडं करतंही. पण ताण मी तारांनी कमी करते. आखूड स्केलवर ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीचा संच लावायचे, लांबवर ०.००९ ते ०.०४२ लावते, आणि बेंडला बोट तक्रार करत नाही. तारा बदलायला दहा मिनिटं लागतात, स्केल बदलता येत नाही. पुन्हा तोच मुद्दा.

फ्रेटबद्दल दोन गोष्टी. नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा हलकेच सरकवा. टोकं बोचत असतील तर लाकूड कोरड्या हवेत आकसलं आहे. दुरुस्त होतं, पण गिटार कशी ठेवली होती तेही कळतं. दुसरं, फ्रेट खूप उंच असतील आणि तुमचा डावा हात माझ्यासारखा घट्ट दाबणारा असेल, तर कॉर्ड बेसूर होतो. तार फ्रेटच्या पलीकडे लाकडाकडे दाबली जाते आणि सूर वर चढतो. ट्यूनर लावून एकच सूर आधी हलक्या आणि मग रागावलेल्या हाताने दाबा. काटा किती सरकतो ते बघा.

नेकवरचं पॉलिश चकचकीत आहे की मॅट, याचा निर्णय घामाने करायचा. माझ्या हाताला चकचकीत नेक तासाभरात चिकटतो. तुमचा कोरडा असेल तर हा परिच्छेद विसरा.

उभं राहा

पट्टा लावा, उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. नेक जमिनीकडे झुकला तर ती गिटार तुमचा डावा हात रात्रभर खांबासारखा वापरणार. बसून मोहात पाडणाऱ्या कितीतरी गिटारी उभं राहिल्यावर अशा लोटांगण घालतात. वजनाचं म्हणाल तर साडेतीन किलोच्या आसपासची गिटार मला तीन तास पेलते. चार किलोच्या वर गेलं की दुसऱ्या दिवशी खांदा बोलतो. वजनदार गिटारचा आवाज जास्त टिकतो असं ऐकाल. काय ते ऐकून ठेवा, पण खांदा तुमचा आहे.

अजून केबल लावायची नाही. हनुवटी गिटारच्या वरच्या शिंगावर टेकवा आणि खर्जाची तार छेडा. कंप जबड्यात येतो. लोक बघतात, बघू द्या. आता एकेक तार घेऊन प्रत्येक फ्रेटवरचा सूर वाजवा, सारख्याच जोराने. एखादा सूर शेजाऱ्यांपेक्षा चटकन विझतो का? प्रत्येक गिटारमध्ये एखादी अशी जागा असतेच, बहुधा तिसऱ्या किंवा पहिल्या-दुसऱ्या तारेवर नेकच्या मध्ये कुठेतरी. ती तुमच्या नेहमीच्या सोलोच्या वाटेत येत नाही ना, एवढंच बघायचं.

लाकडाच्या नावावर भांडणारे पुष्कळ भेटतील. पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, त्याला फक्त पोलादी तारेचं हलणं कळतं. लाकडाचा परिणाम झालाच तर तो तारेची ऊर्जा कुठे आणि किती शोषली जाते यातून. एकाच झाडाच्या दोन फळ्यांतही ते सारखं नसतं. म्हणून मी लाकडाचं नाव विचारत नाही, समोरचा तुकडा कसा वाजतो ते ऐकते.

तारा फ्रेटवर झणझणत असतील तर घाबरू नका, पण कारण शोधा. तानपुऱ्याला जवारी लागते, गिटारला ती नकोशी. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांत कागद सरकेल एवढी फट हवी, साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर. फट जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर नेकमधला ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी सळई) थोडा फिरवून ते जमतं. मात्र पहिल्या तारेखाली फट वेगळी आणि सहावीखाली फारच वेगळी आली, तर नेक पिळलेला आहे. तिथून नमस्कार करून निघा. कितीही सुंदर असली तरी.

नट तपासायला ट्यूनरवर तिसरी तार हळूहळू चढवा. "टिंग" असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. मग त्याच तारेवर पाच जोरदार बेंड घ्या आणि पुन्हा सूर बघा. उतरला असेल तर लोक खुंट्यांना दोष देतात. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा गुन्हेगार नट असतो. खाच नीट घासून त्यात पेन्सिलीचं शिसं चोळलं की बहुतेकदा भागतं.

ब्रिज कोणता, याचं उत्तर तुम्हाला माझ्या पहिल्या परिच्छेदात मिळालंच आहे. एकच गिटार असेल आणि मधूनच एखादी तार उतरवून वाजवायचं असेल, तर स्थिर ब्रिज. ट्रेमोलोचा दांडा हवाच असेल तर ब्रिज गिटारच्या धडाला टेकवून ठेवलेला असू द्या, म्हणजे सूर खालीच जाईल, वर जाणार नाही. तार तुटली तरी गाणं पूर्ण होईल.

आता केबल

अ‍ॅम्पवर बेस, मिड, ट्रेबल तिन्ही बरोबर मध्यावर. रिव्हर्ब बंद. पेडल नाही. गिटार दाखवणाऱ्या माणसाला आधीच सेट केलेला गोड आवाज ऐकवायचा असतो, त्याला हसून नाही म्हणा. शक्य असेल तर स्वतःचा अ‍ॅम्प न्या, नाहीतर त्याच जातीचा मागा. दोन गिटारींची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी "चांगला" वाटतो, आणि जोरकस पिकअपच्या गिटारी या एका युक्तीवर खपतात.

पिकअपचं काम थोडक्यात असं: चुंबकाभोवती हजारो वेढ्यांची तांब्याची तार, वर हलणारी पोलादी तार, त्या हलण्याने कॉइलमध्ये वीज. एक कॉइल असली की आवाज उघडा, काचेसारखा, पण मेन लाइनची ५० किंवा ६० हर्ट्झची घरघरही ती पकडते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर यावर उपाय काढला. दोन कॉइल, वेढे उलट, चुंबकही उलट. तारेचा सूर दोन्हींत मिळून वाढतो, घरघर एकमेकींना खोडते. हंबकर हे नाव त्यातूनच आलं. १९५७ पासून लेस पॉलवर ते बसू लागले. त्याआधी १९५२ मध्ये आलेल्या लेस पॉलवर पी-९० होते, १९४६ पासूनचे, एक कॉइलचे पण भरदार. हंबकरमध्ये घरघर जाते तशी वरची थोडी चमकही जाते, कारण तारेच्या दोन जागा एकदम ऐकल्या जातात आणि कॉइल मोठी होते. काही फुकट मिळत नाही.

मग सर्वांत बहुरंगी मांडणी कोणती? इथे लोक स्विच मोजायला लागतात. मीही मोजायचे. तिसरी गिटार घेतली तिला पाच टप्प्यांचा स्विच, दोन ओढायचे नॉब आणि दोन बारीक बटणं होती. हिशेबाने वीसच्या वर आवाज निघत. प्रत्यक्षात मी तीनच वापरले आणि अंधारात एकदा चुकीचं बटण दाबून सोलोच्या सुरुवातीला आवाज निम्मा करून बसले. नाकापेक्षा मोती जड. उलट टेलिकास्टर बघा. हे नाव १९५१ मध्ये आलं. दोन पिकअप, दोन नॉब, तीन टप्प्यांचा एक स्विच. एवढ्यावर कंट्रीपासून जॅझपर्यंत आणि ब्लूजपासून पंकपर्यंत माणसं आयुष्य काढतात. रंग गिटारच्या नॉबमध्ये आणि उजव्या हातात असतात.

तरी सल्ला विचारलात तर माझं मत एचएसएसला: ब्रिजपाशी हंबकर, मध्ये आणि नेकपाशी एकेक सिंगल कॉइल. जाड डिस्टॉर्शनला हंबकर, हळुवार गाण्याला नेकचा सिंगल कॉइल, आणि फंकला नेक व मधला एकत्र. हा एकत्र आवाज म्हणजे पोकळ, घंटेसारखा. त्याची गंमत अशी की १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिला तीन पिकअप पण तीनच टप्प्यांचा स्विच होता. वादकांनी स्विच मध्येच अडकवून हा आवाज शोधला. फेंडरने पाच टप्प्यांचा स्विच कारखान्यातून द्यायला १९७७ उजाडलं.

एचएसएसमध्ये एक दुखणं आहे, ते मात्र तपासा. सिंगल कॉइलला साधारण २५० किलोओमचा पॉट मानवतो, हंबकरला ५००. एकाच व्हॉल्यूम नॉबवर दोघांना बसवलं की कुणीतरी रुसतं. ५०० लावला तर सिंगल कॉइल कानात टोचतात, २५० लावला तर हंबकर घोंगडी पांघरल्यासारखा होतो. शिवाय हंबकर फार जोरकस असेल तर स्विच बदलला की आवाज धाडकन वाढतो. म्हणून नेक पिकअपवरून ब्रिजवर आणि परत असं वाजवता वाजवता पाच-सहा वेळा जा. उडी कानाला खटकली नाही तर बनवणाऱ्याने डोकं लावलेलं आहे.

दोन हंबकरवाली आणि कॉइल-स्प्लिट (हंबकरची एकच कॉइल चालू ठेवायची सोय) असलेली गिटारही चालेल, पण स्प्लिट करून ऐका. अर्धा हंबकर हा सिंगल कॉइल नसतो. बहुतेकदा तो बारीक, ताकद गेलेला आवाज देतो. तो चांगला निघाला तर ती गिटार खरंच विचार करण्यासारखी.

२२ फ्रेट की २४? मी २२ घेते. तारेच्या लांबीचा पाव भाग ब्रिजकडे उरतो तिथे चोविसावा फ्रेट येतो, आणि २२ फ्रेटच्या गिटारवर नेक पिकअप साधारण त्याच जागी असतो. २४ फ्रेट बसवले की पिकअपला ब्रिजकडे सरकावं लागतं आणि त्याचा गोल, घुमणारा आवाज थोडा सुकतो. वरचे दोन सूर मला वर्षातून दोनदा लागतात. घुमारा रोज लागतो.

दोन उलट्या परीक्षा आणि एक नॉब

नेक पिकअप क्लीन आवाजात जवळजवळ प्रत्येक गिटारवर गोड लागतो. ब्रिज पिकअप डिस्टॉर्शनवर जवळजवळ प्रत्येक गिटारवर जोरदार लागतो. म्हणून सगळे तेच वाजवून दाखवतात. तुम्ही उलट करा.

ब्रिज पिकअप, पूर्ण क्लीन. मोकळा जी मेजर छेडा आणि वरच्या दोन तारांकडे कान द्या. सुईसारख्या टोचतात का? मग टोन नॉब दहावरून सहावर आणा. टोच जाऊन सूर स्पष्ट राहायला हवेत. नॉब नऊवर काहीच करत नसेल आणि सातवर एकदम अंधार करत असेल तर नोंद करून ठेवा. नॉबमागचा कपॅसिटर किंवा पॉट बदलून सुधारतं, पण ते काम तुमच्या डोक्यावर.

नेक पिकअप, भरपूर डिस्टॉर्शन. आधी खालच्या दोन तारांवर मूळ सूर आणि पंचम असा कॉर्ड, मग त्यात गंधार मिसळा. पहिला स्वच्छ यायला हवा. दुसरा थोडा खरखरेल, पण तीन सूर कळले पाहिजेत. चिखल झाला तर सोलोत, बँडच्या गदारोळात, तुमचा आवाज सापडणार नाही.

तिसरी परीक्षा मी कधीच सोडत नाही. अ‍ॅम्पचा गेन असा ठेवा की जोरात वाजवलं तरच आवाज फाटेल. गिटारचा व्हॉल्यूम दहावर असताना सोलो, सातवर ऱ्हिदम, चारवर क्लीन. चारवर आवाज स्वच्छ झाला आणि चमक टिकली, तर त्या एका नॉबमध्ये तीन गिटारी आहेत. चारवर नुसता मंद, कोंदट झाला तर व्हॉल्यूम कमी करताना वरचे सूर केबलमधून निसटत आहेत. ट्रेबल ब्लीड नावाचा छोटा कपॅसिटर पॉटवर जोडून यावर इलाज होतो, म्हणून एवढ्यासाठी चांगल्या नेकची गिटार सोडू नका. माझ्या हातातली गिटार मी घेतली तेव्हा चारवर साफ कोंदट होती. नेक आवडला होता, म्हणून घेतली. कपॅसिटर नंतर लावला.

हे सगळं फोनवर रेकॉर्ड करा, वाजवण्याआधी कुठली गिटार ते न बोलता, फक्त क्रमांक सांगून. दुसऱ्या दिवशी रंग आणि नाव दिसत नसताना ऐका. मला एकदा जी गिटार "मेलेली" वाटली होती ती रेकॉर्डिंगवर सर्वांत जिवंत निघाली. त्या दिवशी माझे कान आधीच तीन गिटारींनी थकले होते. एका दिवशी तीनच्या वर वाजवू नयेत हे तेव्हा शिकले.

वापरलेली गिटार घेत असाल तर खरखरणारे नॉब आणि ओरखडे यांच्याकडे दुर्लक्ष करा. ट्रस रॉड फिरतो का, आणि पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी खोल खाचा पाडल्यात का, एवढं बघा. रॉड आधीच घट्ट टोकाला गेलेला असेल तर नेक सरळ करायला जागाच उरलेली नाही.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात तुमच्या आवडीच्या गेजच्या (जाडीच्या) नव्या तारा लावा. बाराव्या फ्रेटवर खर्जाच्या तारेची उंची २ मिलिमीटरच्या आसपास आणि पहिल्या तारेची दीडच्या आसपास ठेवून सुरुवात करा. मग बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून छेडल्यावर येणारा सूर) आणि तोच फ्रेट दाबून येणारा सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे.

पिकअप बदलायची खाज सुटेल. त्याआधी स्क्रूड्रायव्हर घ्या. पिकअप तारांच्या फार जवळ असले तर चुंबक तार ओढतात, खर्जाच्या तारेचा सूर थरथरतो आणि वरच्या फ्रेटवर बेसूर लागतो. सिंगल कॉइलमध्ये हे जास्त. मूळ उंची कागदावर लिहून ठेवा, मग शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत खर्जाच्या बाजूला अडीच-तीन मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला दोन ठेवा. एकेका वेळी अर्धा फेरा फिरवा आणि वाजवून ऐका. माझ्या गिटारवर मधला पिकअप तर मी जवळजवळ पृष्ठभागाइतका खाली नेला आहे, कारण फंक वाजवताना पिक त्यावर आपटायचा. त्या पिकअपच्या कडेला अजून पिकचे पांढरे ओरखडे आहेत.